आधी कोण फुटतं? एकवीसच्या खेळावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मेंढीकोट आणि पाच-तीन-दोनवर लिहिलं होतं, म्हटलं सुट्टीत पोरं घरी आहेत, आजी-आजोबांबरोबर बसतील जरा. तर पत्रं आली ती निम्मी कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकवर, म्हणजे एकवीसच्या खेळावर. आधी वाटलं बाजूला ठेवावीत, पण पहिलंच पत्र वाचलं आणि म्हटलं नाही, याला नीट उत्तर द्यायचं.

प्रश्न: बाई, नमस्कार. आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून गोव्याला गेला, आम्हाला वाटलं हॉटेलात असेल, पण आता तो मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर डीलर म्हणून लागलाय. ब्लॅकजॅकच्या टेबलावर असतो. फोनवर सांगतो आज शू बदलला, आज एक गिऱ्हाईक सारखं बस्ट होत होतं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी नुसतं हं हं करते. सुट्टीला घरी आला की जेवून उठताना दोन्ही हात पुढं करून तळवे वरखाली करून दाखवतो, म्हणतो सवय लागलीय. मला पैसे लावून खेळायचं नाहीये, पोरगं दिवसभर काय करतं तेवढं फक्त समजून घ्यायचंय. पाहुण्यांत म्हणतात जुगाराच्या अड्ड्यावर लागलं पोरगं. पत्त्यातलं मला बदाम सात आणि झब्बू एवढंच येतं. (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, बदाम सात येतं म्हणजे झालंच की. अर्ध्या तासात शिकाल. घरातला कॅट काढा, जोकर बाजूला ठेवा, आणि डब्यातले मूठभर चिंचोके घ्या, आम्ही घरी चिंचोक्यांवरच शिकलो.

पहिल्यांदा हे डोक्यातून काढा की रंगाचं काही महत्त्व आहे. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, काही फरक पडत नाही, हुकूम नाही, उतारी नाही. फक्त पानाची किंमत बघायची. दुर्री म्हणजे २, तिर्री ३, असं दश्शीपर्यंत जे छापलंय ते. गुलाम, राणी, राजा तिघंही १०. आणि एक्का १ पण आणि ११ पण, ज्याच्याकडं आहे त्याला जे सोयीचं पडेल ते. बेरीज २१ च्या वर गेली की फुटला, त्यालाच तुमचा मुलगा बस्ट म्हणतो. शू म्हणजे ती पेटी, ज्यात एक नाही तर सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून भरलेले असतात आणि डीलर त्यातून एकेक पान सरकवत काढतो.

दुसरी गोष्ट नवशिक्या माणसाला हमखास चुकीची कळते. सगळे सांगतात २१ च्या जवळ जायचं. तसं नाही. डीलरला हरवायचं, एवढंच. टेबलावर पाच-सात जण बसलेले असले तरी त्यांची एकमेकांशी काही लढाई नसते, प्रत्येकाचा डाव वेगळा आणि समोर एकटा डीलर, म्हणजे तुमचा मुलगा. बारा-तेरावर थांबूनसुद्धा जिंकता येतं, ते कसं ते आता बघा.

एक डाव मांडू. तुम्ही खेळणाऱ्या, तुमचे साहेब डीलर. तुम्ही एक चिंचोका समोर ठेवलात. साहेब तुम्हाला दोन पानं वाटतात, दोन्ही उघडी, आणि स्वतःला दोन, एक उघडं एक पालथं (काही ठिकाणी डीलर दुसरं पान सगळ्यांचं खेळून झाल्यावरच घेतो). तुमच्याकडं आली दश्शी आणि छक्की, म्हणजे १६. साहेबांचं उघडं पान छक्की. आता तुम्हाला ठरवायचंय की अजून पान मागायचं का थांबायचं. मागितलं तर छक्कीपासून राजापर्यंत काहीही आलं तरी फुटलात, म्हणजे १३ प्रकारच्या पानांतली ८ प्रकारची पानं तुम्हाला मारणारी. म्हणून थांबायचं. आता साहेब पालथं पान उलटतात, राजा. त्यांचेही १६. पण साहेबांना थांबता येत नाही! डीलरला नियम ठरवून दिलेला असतो, १६ पर्यंत पान घ्यायचंच, १७ झाले की थांबायचंच. मन काय म्हणतंय, समोरच्याचे किती आहेत, कशाला अर्थ नाही. साहेबांनी पान काढलं, नव्वी आली, २५ झाले, फुटले. तुम्ही नुसत्या १६ वर जिंकलात, एका चिंचोक्याला एक चिंचोका. डीलरची छक्की उघडी असली की तो १०० पैकी साधारण ४२ वेळा फुटतो, म्हणून तिथं आपण गप्प बसायचं.

तेव्हा ताई, तुमचा मुलगा त्या टेबलावर जुगार खेळत नाही. तो एकही निर्णय घेत नाही. पानं वाटतो, बेरीज करतो, हिशोब चुकता करतो, आणि हे सगळं झरझर, एकाच वेळी सहा-सात जणांचं, समोरचा चिडलेला असला तरी आवाज न चढवता. डाव कुणीही जिंकला तरी त्याच्या पगारात फरक पडत नाही. मी ३१ वर्षं गणित शिकवलं, तोंडी बेरजेला घाम फुटणारी मोठी माणसं पाहिलीत, पाहुण्यांना सांगा की एक्का एकदा १ आणि एकदा ११ धरून सात जणांची बेरीज दोन तास न चुकता करून दाखवा.

आणि ते तळवे. टेबलावरून उठताना डीलरनं हात रिकामे आहेत हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं, बाहीत चिप (पैशाऐवजी लावायची चकती) किंवा पान गेलं नाही हे दिसायला पाहिजे. खेळणाऱ्यालाही कॅमेऱ्यासाठीच खुणा असतात, पान पाहिजे तर बोटानं टेबलावर टिचकी, नको तर पानांवरून तळहात आडवा फिरवायचा, नुसतं तोंडानं सांगितलेलं चालत नाही. नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या. पुढच्या वेळी पोरगं जेवून उठलं आणि हात दाखवले की तुम्ही टेबलावर टिचकी मारा, बघा काय चेहरा होतो त्याचा!

आता उरलेलं पटापट. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं की त्या जोडीलाही ब्लॅकजॅकच म्हणतात, त्याला जास्त पैसे मिळतात. दोघांची बेरीज सारखी झाली तर पैसे परत, त्याला पुश म्हणतात. दोन पानांवर वाटलं की आता एकच पान घेऊन जमेल, तर लावलेली रक्कम दुप्पट करून नेमकं एकच पान घ्यायचं, ते डबल. सारखी दोन पानं आली तर त्यांचे दोन वेगळे डाव करायचे, ती स्प्लिट. आणि एक्का ११ धरून झालेली बेरीज मऊ असते, म्हणजे एक्का-छक्की १७, त्यावर नव्वी आली तरी फुटत नाही, एक्का १ होतो आणि १६ राहतात. हे सुरुवातीला गोंधळात टाकतं पण चार डाव चिंचोक्यांवर खेळलात की बसतं.

राहिला खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण तुमच्या पाहुण्यांना तोच पडायला पाहिजे. डीलर जर बिनडोक नियमानं खेळतो, आपल्याला मात्र हवं ते करायची मुभा आहे, ब्लॅकजॅकला जास्त पैसे आपल्यालाच मिळतात, डबल-स्प्लिट आपल्यालाच आहे, मग शेवटी कॅसिनोच का जिंकतो? उत्तर एका ओळीचं आहे. आधी आपण खेळतो. आपण फुटलो की डीलर त्याच क्षणी आपला चिंचोका उचलतो, आणि नंतर तो स्वतः फुटला तरी आपला परत मिळत नाही. दोघंही फुटले तर बरोबरी व्हायला पाहिजे ना? होत नाही. सगळा फायदा त्या एका जागी लपलाय.

हे घरीच तपासता येतं. डीलरच्या नियमानं दोघंही खेळा, १६ पर्यंत घ्यायचं, १७ ला थांबायचं, आणि तुम्ही फुटलात तरी साहेबांना त्यांचा डाव पुरा करू द्या, दोघं फुटलात की वहीत एक फुली. डीलर साधारण १०० पैकी २८ वेळा फुटतो, तुम्हीही त्याच नियमानं खेळलात तर तुम्हीही २८ वेळा, म्हणजे दोघंही एकाच डावात फुटण्याची वेळ १०० डावांत साधारण ८ वेळा. त्या ८ फुल्या म्हणजे कॅसिनोचं उत्पन्न. त्यातलं थोडं ब्लॅकजॅकच्या जास्तीच्या पैशातनं परत येतं, तरी शंभराला साडेपाच रुपयांच्या आसपास जातातच. आमच्याकडं रविवारी दुपारी चटईवर आम्ही हे केलं, फुल्या वाढायला लागल्या तसे आमचे हे पानं खाली ठेवून म्हणाले, अगं हे तर आधी आउट झाला तो हरला, मग समोरचाही आउट झाला तरी, असं झालं. मला गणिताच्या तासाला इतकं नेमकं कधी सांगता आलं नसतं.

प्रश्न: बाई, मी सातारचा, राजवाड्याजवळ राहतो. मित्राचं लग्न ठरलंय म्हणून आम्ही सहा जण गोव्याला चाललोय, बोटीवर जायचंय, ब्लॅकजॅक थोडा येतो. एक जण सांगत होता टेबल बघून बस, सगळी टेबलं सारखी नसतात. म्हणजे काय बघायचं? आणि इन्शुरन्स घ्यावा का? गोव्यालाच का जावं लागतं ते पण सांगा. (एक वाचक, सातारा)

उत्तर: शेवटचं आधी. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध १८८७ चा कायदा आहे. कॅसिनोला परवानगी देणारा कायदा १९७६ मध्ये केला होता पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला, विषय संपला. गोव्यानं त्यांच्या १९७६ च्याच कायद्यात १९९२ ला दुरुस्ती करून मोठ्या हॉटेलांत जुगाराच्या मशीनला परवानगी दिली आणि १९९६ ला बोटीवर टेबलाच्या खेळांना, म्हणून खरे पत्ते, खरा डीलर बघायचा तर मांडवीतल्या बोटीच. २१ वर्षं पूर्ण लागतात, तुमच्या सहा जणांत कुणी लहान असेल तर त्याला उगाच दारातून परत आणू नका, आधीच सांगा.

टेबल बघून बस हे तुझ्या मित्रानं अगदी खरं सांगितलं. टेबलाच्या कापडावर छापलेलं असतं, ब्लॅकजॅकला ३ ला २ का ६ ला ५. ऐकायला ६ ला ५ मोठं वाटतं, आकडे मोठे आहेत ना. हिशोब कर. १००० लावलेस आणि ब्लॅकजॅक आला तर ३ ला २ च्या टेबलावर १५०० मिळतात, ६ ला ५ वर १२०० च. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. तासाला ६० डाव धरले तर जवळजवळ तीनदा, म्हणजे तासाला ९०० रुपयांच्या आसपास नुसतं चुकीच्या खुर्चीवर बसल्याचे. मला ह्या गोष्टीचा मनापासून राग आहे, कारण लबाडी कुठं नाही, सगळं समोर छापलंय, आणि तरी पाचवीचा अपूर्णांक न आठवल्यामुळं माणसाचे पैसे जातात. ३ भागिले २ म्हणजे दीड, ६ भागिले ५ म्हणजे १.२. ६ ला ५ असेल तर उठ तिथून.

इन्शुरन्स घ्यायचा नाही. नाव विम्याचं आहे पण तो विमा नाही, वेगळी पैज आहे. डीलरचं उघडं पान एक्का असला की तो विचारतो, माझं पालथं पान दहाचं निघेल यावर निम्मी रक्कम लावता का, निघालं तर दुप्पट देतो. सहा कॅटमध्ये दहाच्या किमतीची पानं ९६, आणि तो एक्का सोडून पानं राहिली ३११. म्हणजे १०० ला ३१ वेळा जिंकशील, आणि दुप्पट देणाऱ्या पैजेत नुसतं बरोबरीत सुटायला ३३ च्या वर पाहिजे. शंभराला सात रुपये जातात. तुझ्याकडं चांगली पानं असली तरी हेच उत्तर.

बाकी खेळ कसा करायचा हे चार जणांनी फार पूर्वी मोजून ठेवलंय. अमेरिकन सैन्यातले बाल्डविन, कँटी, मेसेल आणि मॅकडरमॉट, टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटर मशिनवर आकडेमोड करून त्यांनी १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये छापलं. मला त्या चौघांबद्दल फार वाटतं, कॉम्प्युटर नाही काही नाही. त्यातलं जाडजाड असं. १७ किंवा जास्त झाले (मऊ नाही, खरे) की थांब. १२ ते १६ मध्ये असशील तर डीलरचं पान बघ, २ ते ६ असेल तर थांब, ७ किंवा वर असेल तर पान घे, फक्त १२ ला डीलरची दुर्री-तिर्री असेल तर एक पान घे. ११ आले की बहुतेक वेळा डबल. पूर्ण तक्ता पाळून चांगल्या टेबलावर खेळलास तर कॅसिनोचा फायदा शंभराला अर्ध्या रुपयाच्या आसपास येतो. उरतोच, पण अर्धा रुपया आणि साडेपाच रुपये यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक फक्त पाठांतराचा.

अजून एक, जिंकलास तर त्यावर ३० टक्के इन्कम टॅक्स आणि वर सेस, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत.

प्रश्न: नमस्कार मॅडम, तासगाव. द्राक्षाची बाग आहे. मी मोबाईलवर ॲपवर ब्लॅकजॅक खेळतो, माझी पद्धत म्हणजे हरलो की दुप्पट लावायचं, कधीतरी जिंकतोच आणि सगळं भरून निघतं. आतापर्यंत चाललंय. पण बायको नाराज असते. पद्धत बरोबर आहे का तेवढं सांगा. (एक बागायतदार)

उत्तर: दादा, पद्धत चुकीची आहे. मी गोल गोल बोलणार नाही.

कागद घ्या. ५०० पासून सुरू करा. ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००, ३२०००. सात वेळा हरलात, गेले ६३,५००. आता आठव्यांदा ६४,००० लावायचे, आणि जिंकलात तर हातात नफा किती, ५००. एक लाख साडेसत्तावीस हजार अडकवून ५०० रुपये. खऱ्या टेबलावर तर तेवढं लावूही देत नाहीत, वरची मर्यादा लिहिलेली असते. आणि सलग सात हार म्हणजे काही नवल नाही, नाण्यासारखं अर्धं-अर्धं धरलं तरी १२८ मध्ये एकदा येते, तुम्ही एका संध्याकाळी किती डाव खेळता ते तुम्हालाच माहीत. सहा वेळा हरलो म्हणून सातवा आपला, असं पानांना काही ठाऊक नसतं. शूमधून मोठी पानं निघून गेली की पुढच्या डावावर थोडा फरक पडतो हे खरं आहे, पानं मोजणारे त्याच्यावरच खेळतात, पण ते गेलेली पानं मोजतात, गेलेले पैसे नाही.

आणि ॲपचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केलाय, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना देशभर बंदी आहे. म्हणजे अजून जे ॲप तुमच्याकडून पैसे घेतंय ते कायद्याच्या बाहेर बसून घेतंय, तिथं पानं कोण पिसतंय, शू आहे का नाही, कॅमेरा कुठाय, तक्रार कुणाकडं करणार?

माझ्या थोरल्या मामांचं सांगते. हळदीची पट्टी हातात पडली त्याच रात्री तीन पत्तीला बसले, हरले की दुप्पट, हेच. पहाटे घरी आले तेव्हा मामी चुलीपुढं बसली होती, मामांनी रिकामी पिशवी घडी करून कोनाड्यात ठेवली, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी सहा-सात वर्षांची असेन. त्या घडीचा आवाज मला अजून येतो. दादा, बायको नाराज असते असं तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणजे तुमच्या मनाला कुठंतरी लागलंय. ॲप आजच काढून टाका आणि किती गेले ते तिला आजच आकड्यात सांगा, अंदाजे नाही. हात थांबत नसेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: बाई, आम्ही मिरजेचे, तीन नातवंडं आणि मी, पैसे न लावता शेंगांवर ब्लॅकजॅक खेळतो. थोरला म्हणतो राजा-राणी दोन्ही दहाच आहेत तर स्प्लिट करायची, मी म्हणतो नाही. वाद मिटवा. (एक आजोबा)

उत्तर: आजोबा, नियमात बहुतेक ठिकाणी नातू बरोबर आहे, दोन्हींची किंमत सारखी म्हणून फोडता येतात. खेळात तुम्ही बरोबर. २० हातात असताना मोडून दोन अनोळखी डाव कशाला करायचे? दहाची जोडी फोडायची नाही, पंजीची पण नाही, ती १० आहे, त्यावर डबल चांगलं. एक्क्याची आणि अठ्ठीची जोडी मात्र कायम फोडायची, कारण दोन अठ्ठ्या म्हणजे १६, आणि १६ इतकं वाईट दुसरं काही नाही हे तुम्हाला शेंगा मोजताना कळलंच असेल. एक्के फोडले की साधारणपणे प्रत्येकावर एकच पान मिळतं, आणि तिथं राजा आला तरी ते साधे २१ धरतात, ब्लॅकजॅक नाही. यावरून धाकटा भांडेल, त्याला हे पान दाखवा.